तीनशे एक घरांची अभ्यासिका

वर्गणी हा शब्द आपल्या वस्त्यांना नवा नाही. एप्रिल उजाडला की जयंतीची वर्गणी, मग बुद्धपौर्णिमेच्या खिरीची, पावसाळ्यात वर्षावासाची, ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिनाची आणि डिसेंबरात चैत्यभूमीवर येणाऱ्या बांधवांच्या जेवणाची. शिवाय गावाकडच्या विहाराची वेगळी आणि गाव शाखेची वेगळी. आपण कुरकुरतो, पण देतो. ही वर्गणी येते आणि त्याच महिन्यात खर्ची पडते. मंडप उतरतो, पावतीपुस्तक कपाटात जाते आणि पुढच्या वर्षी पुन्हा शून्यापासून सुरुवात होते. पण जी वास्तू पन्नास वर्षे टिकावी अशी आपली इच्छा आहे, तिच्यासाठी पैसा कसा उभारायचा? हा विचार आम्हा अकरा बायकांना गेल्या वर्षभरात करावा लागला. तो आमच्यापुरता न ठेवता वाचक भगिनींपुढे मांडावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमची वस्ती मालाड पूर्वेला, कुरारच्या बाजूला. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत आमच्या चाळी गेल्या आणि इमारती उभ्या राहिल्या. जुन्या पत्र्याच्या विहाराची नोंद कागदोपत्री होती, म्हणून त्याच्या बदल्यात तळमजल्यावर मोठी खोली मिळाली आणि तीही मंडळाच्या नोंदलेल्या ट्रस्टच्या नावाने. मिळाली म्हणजे काय, तर चार भिंती, एक दार आणि ओबडधोबड जमीन. पुढच्या भागात आम्ही बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची प्रतिमा ठेवली. तिथे सकाळी अर्धा तास आणि रविवारी तासभर वंदना होते. बाकीचा सारा दिवस खोलीला कुलूप.

आणि त्याच वेळी वरच्या मजल्यांवर आमची मुले अभ्यासाला जागा शोधत असतात. या योजनेतले घर आरंभी २२५ चौरस फुटांचे होते, २००८ साली २६९ झाले, २०१८ साली ३०० ठरले. आमची घरे जुन्या मापाची. एका खोलीत सासू-सासरे, नवरा-बायको, दोन-तीन मुले आणि टीव्ही. बारावीची मुलगी पुस्तक घेऊन जिन्यात बसते, कारण तिथला दिवा रात्रभर चालू असतो. जाणारा-येणारा तिला ओलांडून जातो. कोणी सिगारेट ओढत थांबतो, कोणी उगाच विचारतो, “काय गं, एवढी काय शिकतेस?” आमच्या विंगेतल्या एका मुलीने याच कारणाने पोलीस भरतीचा अभ्यास सोडला. तिची आई म्हणाली, “पोरगी जिन्यात बसल्यावर मला झोप लागत नव्हती. नोकरी राहू दे, म्हटलं.” ते वाक्य आम्हाला लागले. वर पोरी जिन्यात आणि खाली आपलीच खोली कुलपात, हे काही बरे नव्हे.

म्हणून ठरले की अभ्यासिका करायची. चाळीस मुले बसतील अशी. मुलींसाठी वेगळे स्वच्छतागृह, रात्री अकरापर्यंत दिवा आणि दाराशी आमच्यापैकी एक जण.

पहिल्या बैठकीत सगळ्या एकदम बोलू लागल्या. कोणी म्हणे लकी ड्रॉ काढू, कोणी म्हणे गायन पार्टीचा कार्यक्रम ठेवू, तिकिटे विकू. बेस्टमधून निवृत्त झालेले एक काका हिशेबाला मदत म्हणून बसले होते. ते शांतपणे म्हणाले, “ताई, आधी सांगा, किती लागणार?” कोणालाच सांगता आले नाही. किती लागणार हे ठाऊक नसताना आपण कसे जमवायचे यावर दोन तास बोललो होतो!

तेव्हा दुसऱ्या बैठकीपूर्वी तीन ठिकाणचे अंदाज घेतले. लादी, भिंती, वायरिंग, नळकाम आणि स्वच्छतागृह मिळून नऊ लाख. बाके, टेबले, कपाटे, पंखे यांना तीन लाख. पुस्तके आणि चार संगणक दोन लाख. झाले चौदा लाख. काकांनी त्यावर दहा टक्के, म्हणजे एक लाख चाळीस हजार, वर धरायला लावले. घरात पोटमाळा घातलेल्या कोणत्याही बाईला ठाऊक आहे की गवंड्याने सांगितलेल्या पैशांत काम कधी संपत नाही. त्याखेरीज चार लाख साठ हजारांची कायम ठेव. अभ्यासिका बांधून होते. पण विजेचे बिल, झाडलोट, वर्तमानपत्रे आणि फाटलेली पुस्तके यांना पैसा कुठून येणार? रिबीन कापून वर्षभरात बंद पडलेली वाचनालये आपण पाहिली आहेत. ठेवीचे व्याज निदान विजेचे बिल भरील. एकूण बेरीज झाली वीस लाख.

आकडा ऐकून सगळ्या गप्प झाल्या. आमच्यात धुणीभांडी करणाऱ्या आहेत, माइंडस्पेसच्या कचेऱ्यांत साफसफाईला जाणाऱ्या आहेत, एक अंगणवाडी सेविका, एक नर्स, दोघी शिक्षिका आहेत. वीस लाख हा आकडा आम्ही लग्नाच्या हॉलच्या किंवा फ्लॅटच्या जाहिरातीतच ऐकलेला.

पण आकडा मोडून पाहिला की त्याची भीती कमी होते. वीस लाखांना हजार घरांनी भागले तर घरटी दोन हजार. हे ऐकायला सोपे, पण व्यवहारात चालत नाही. ज्याच्या घरी दोन सरकारी पगार येतात तो दोन हजार देऊन मोकळा होतो आणि जिचा नवरा वर्षभर अंथरुणाला खिळला आहे, तिच्याकडूनही दोन हजारच मागायचे! समान वर्गणी ही नेहमीच न्यायाची वर्गणी नसते. म्हणून आम्ही उतरंड मांडली. उतरंडीत तळाशी मोठा रांजण, त्यावर मडकी आणि सगळ्यात वर लहान लोटकी असतात, तशी. एक देणगी दोन लाखांची. दोन देणग्या एकेक लाखाच्या. आठ पन्नास हजारांच्या, वीस पंचवीस हजारांच्या, तीस दहा हजारांच्या आणि चाळीस पाच हजारांच्या. वर दोनशे घरे हजार-हजार रुपयांची. बेरीज वीस लाख, घरे तीनशे एक.

या मांडणीतून एक गोष्ट डोळ्यांत भरली. तळाच्या एकतीस देणग्यांतून तेरा लाख येतात आणि वरच्या दोनशे घरांतून दोन लाख, म्हणजे दहावा भाग. एक शिक्षिकाबाई म्हणाल्या, “मग दोनशे घरं फिरायचा त्रास कशाला? चार मोठ्या माणसांकडे जाऊ, तेवढ्यात भागेल.” त्यावर भांडी घासणाऱ्या आमच्या काकी उसळल्या. “म्हणजे माझा हजार नको का तुम्हाला? मग माझा नातू तिथं बसायचा तो कुणाच्या मेहरबानीनं?”

आमच्या साऱ्या योजनेतला हा कळीचा प्रश्न होता आणि तो काकींनी एका वाक्यात मांडला. पैसा कुठूनही येईल, पण अभ्यासिका कोणाची होईल?

आपल्या चळवळीचा इतिहास या प्रश्नाचे उत्तर देतो. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले, त्याला राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. त्या दानाचे मोल थोर, त्याशिवाय पत्र सुरूच झाले नसते. पण पत्र सुरू करायला एक मोठा दाता पुरतो आणि ते चालू ठेवायला हजारो वर्गणीदार लागतात. ते पुरेसे नव्हते. ‘मूकनायक’ काही वर्षांतच थांबले. पुढे १९२७ साली सुरू झालेले ‘बहिष्कृत भारत’ही पैशांच्या ओढाताणीत १९२९ साली बंद पडले. बाबासाहेब एकहाती अंक लिहून काढीत आणि तरी छपाईच्या खर्चासाठी त्यांना समाजापुढे हात पसरावा लागे. आज आपण त्या अंकांची पारायणे करतो. त्या वेळी घरटी दोन-चार आणे नियमित पोहोचले असते, तर ते अंक आणखी किती वर्षे निघाले असते!

उलट उदाहरण चैत्यभूमीचे. बाबासाहेबांच्या पंचाहत्तराव्या जयंतीच्या सुमारास भय्यासाहेब आंबेडकरांनी महू ते मुंबई भीमज्योत काढली. गावोगावच्या लोकांनी आपापल्या ऐपतीने दिलेल्या पैशांतून दादरच्या समुद्रकाठी स्तूप उभा राहिला. ५ डिसेंबर १९७१ रोजी मीराताई आंबेडकरांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. म्हणून तर ६ डिसेंबरला तिथे येणाऱ्या खेड्यातल्या म्हातारीला कोणाची परवानगी घ्यावीशी वाटत नाही. ती आपल्याच घरी आल्यासारखी येते.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था सुरू केली. त्यांच्या वसतिगृहांसाठी बायका दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवीत, त्याला मुष्टिफंड म्हणत. त्या मुठीने पोरांचे पोट भरलेच, शिवाय शाळा गावची झाली. साता समुद्रापलीकडे अमेरिकेतही असेच घडले. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा फ्रान्सने भेट दिला, पण त्याच्या चौथऱ्याला पैसे जमेनात. १८८५ साली जोसेफ पुलित्झर यांनी आपल्या वर्तमानपत्रातून लोकांना साद घातली आणि जो देईल त्याचे नाव छापू असे जाहीर केले, मग रक्कम कितीही लहान असो. लाखाहून अधिक लोकांनी मिळून लाखाहून अधिक डॉलर दिले. बहुतेकांनी एक डॉलरही दिला नव्हता. श्रीमंत मागे राहिले आणि चौथरा सामान्यांनी उभा केला.

म्हणून आम्ही ठरवले की दोनशे घरे सोडायची नाहीत. मात्र त्यांना एकदम हजार मागायचे नाहीत. महिन्याला पन्नास रुपये, वीस महिने. पन्नास रुपये म्हणजे आठवड्यातले दोन वडापाव. चौदा ऑक्टोबरला आरंभ केला तर वीस महिन्यांनी जून येतो, शाळा उघडायचा महिना. मुदत अशी आपोआप ठरली. एप्रिलमध्ये आरंभ न करण्याचेही कारण होते. तेव्हा जयंतीची वर्गणी घरोघर फिरत असते आणि दोन पावतीपुस्तके एकाच दारात भेटली की दोन्ही रिकाम्या हाताने परततात. शिवाय ऑक्टोबरनंतर दिवाळीचा बोनस येतो.

आपत्तीत आपला माणूस क्षणात खिशात हात घालतो, हे आम्ही पाहिले आहे. २ जुलै २०१९ च्या रात्री आमच्याच मालाड पूर्वेत पिंपरीपाड्याला जलाशयाची संरक्षक भिंत कोसळली, तिसाहून अधिक जीव गेले. मार्च २०२३ मध्ये आप्पापाड्याच्या झोपड्यांना आग लागली, तेव्हाही तेच. सकाळी डाळ-तांदूळ, चादरी, भांडी यांचे ढीग लागतात, कोणाला सांगावे लागत नाही. पण जिन्यात बसलेल्या मुलीचे दुःख कोसळणाऱ्या भिंतीसारखे आवाज करीत नाही. तिच्यासाठी वीस महिने न थकता दार ठोठवावे लागते. म्हणूनच योजना लागते.

तळाच्या रांजणांसाठी आम्ही नावांची यादी केली. आमच्याच चाळीत वाढलेली, अभ्यास करून मोठी झालेली माणसे आज कुठे आहेत? कोणी बँकेत, कोणी रेल्वेत, कोणी मंत्रालयात. राहायला कोणी बोरिवलीला, कोणी ठाकूर व्हिलेजला, कोणी विरारला, एक जण दुबईला. पन्नास हजारांच्या आठ देणग्या हव्या असतील तर निदान पंचवीस नावे हाताशी हवीत, कारण तिघांतला एक जरी हो म्हणाला तरी पुष्कळ झाले. प्रत्येक नावापुढे कोण जाणार ते लिहिले. जिने त्याला लहानपणी भाकरी दिली, तिनेच जायचे. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येकाने मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्यावा असे सांगितले होते. महिना साठ हजार मिळवणाऱ्याचा विसावा हिस्सा तीन हजार होतो. सतरा महिन्यांत पन्नास हजार पुरे! हा हिशेब आम्ही कागदावर लिहून नेणार आहोत. भीक मागायला नव्हे, आठवण द्यायला.

एक नियम मात्र कठोर केला. बाहेर तोंड उघडण्यापूर्वी आपले देणे आधी लिहायचे. जो स्वतः देत नाही त्याला मागण्याचा अधिकार नाही. तिसऱ्या बैठकीत अकरा चिठ्ठ्या पडल्या. नर्सताईंनी पंचवीस हजार लिहिले, काकींनी हजार. एकूण एक लाख बारा हजार झाले. एकतीस मोठ्या देणग्यांपैकी निम्म्यांचा शब्द मिळेपर्यंत जाहीर सभा घ्यायची नाही, असेही ठरले. सभेत “शून्य जमले आहे, मदत करा” म्हणण्यापेक्षा “इतके जमले आहे, तेवढे उरले आहे” म्हणताना आवाजात बळ येते. एकदा का काम होणार अशी खात्री पटली की कुंपणावरचाही हात पुढे करतो.

ही कुजबुज बाहेर गेलीच. निवडणुकीच्या रिंगणात उतरू पाहणाऱ्या एका गृहस्थांनी निरोप धाडला, “वीसच्या वीस मी देतो. दारावर आमचा फोटो आणि नाव असलेली पाटी लावा, बस्स.” खरे सांगायचे तर त्या रात्री आमच्यात फूट पडता पडता राहिली. “जूनची वाट कशाला? पोरींना उद्यापासून बसायला मिळेल,” असे म्हणणाऱ्यांचे काय चुकत होते? जिन्यात बसणाऱ्या मुलीला पाटीवर कोणाचे नाव आहे याने काय फरक पडतो?

फरक पडतो, असे शेवटी आमचे मत झाले. ज्याची पाटी त्याची किल्ली. आज अभ्यासिका, उद्या त्याचे प्रचार कार्यालय, परवा तो हरला की कुलूप. या वेळी अनाथपिंडकाची कथा कामी आली. जेतवन विकत घेण्यासाठी त्याने जमिनीवर सुवर्णमुद्रा अंथरल्या. आणलेल्या मुद्रा संपल्या तेव्हा दाराजवळची थोडी जागा उघडी राहिली. तो आणखी मुद्रा मागवू लागला, तेव्हा राजपुत्र जेत म्हणाला की ही जागा मला देऊ द्या. एवढा मोठा दाता असूनही त्याने दुसऱ्याला दान करायला जागा ठेवली, म्हणून त्या विहाराच्या नावात आजही दोघे आहेत. आम्ही ठराव लिहिला की कोणाही एकाकडून दोन लाखांहून अधिक, म्हणजे एकूण रकमेच्या दहाव्या भागाहून अधिक, घ्यायचे नाहीत. त्या गृहस्थांनाही तसाच निरोप दिला की आपलेही दान घेऊ, पण उतरंडीतल्या एका मडक्याएवढे. अजून उत्तर आलेले नाही.

पाटी तर लागणार आहे. तिच्यावर तीनशे एक नावे एकाच आकाराच्या अक्षरांत, वर्णानुक्रमे, रक्कम न लिहिता. आपल्याकडे पंख्याच्या पात्यावरही देणगीदाराचे नाव रंगवतात. पंखा फिरू लागला की नाव दिसत नाही आणि नाव दिसावे म्हणून कोणी पंखा लावू देत नाही! कालकथितांच्या स्मरणार्थ ज्यांना द्यायचे आहे त्यांच्या माणसाचे नाव पुस्तकांच्या पहिल्या पानावर चिकटवू. पंख्यापेक्षा पुस्तक अधिक वेळा उघडले जाते.

राहिला विश्वास. समाजात पैशापेक्षा त्याचीच टंचाई आहे. “आधीच्या वर्गणीचं काय झालं?” हा प्रश्न दर तिसऱ्या दारात येणार, म्हणून त्याचे उत्तर सोबत न्यायचे. ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला आहे, दरवर्षीचे लेखापरीक्षण झालेले आहे, त्याची प्रत पिशवीत. नोंदणी नसलेल्या मंडळाला अशी वर्गणी गोळा करण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांची परवानगी काढावी लागते, हे इतर वस्त्यांतल्या भगिनींनी ध्यानात ठेवावे. पैसे घ्यायला नेहमी दोघींनी जायचे, पावती जागीच फाडायची, रक्कम दुसऱ्या दिवशी बँकेत भरायची. खात्यावर तिघींच्या सह्या, त्यातल्या कोणत्याही दोघी एका घरातल्या नकोत. मोठी रक्कम रोख नको, चेकने किंवा बँकेतून हवी. ट्रस्टला आयकराची मान्यता असली तरी दोन हजारांवरच्या रोख देणगीवर करसवलत मिळत नाही, हे पगारदारांना सांगावेच लागते. दुबईच्या भाच्याचीही चौकशी केली. तो भारताचाच नागरिक आहे, म्हणून त्याने बँकेतून पाठवलेली देणगी परकीय देणगी ठरत नाही. परक्या देशाचे नागरिकत्व घेतलेल्यांचा पैसा मात्र सरकारी नोंदणीशिवाय घेता येत नाही. आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदनेनंतर जमाखर्च मोठ्याने वाचायचा, काळ्या फळ्यावर लिहायचा, आठवडाभर पुसायचा नाही.

एका दादांनी विचारले, “आणि वीस लाख जमलेच नाहीत तर?” त्याचेही उत्तर लिहून ठेवले आहे. नऊ लाख झाले की लादी, वीज आणि स्वच्छतागृह करायचे आणि सतरंजीवर मुले बसवायची. बाके नंतर, संगणक त्याहूनही नंतर. ठेवीच्या पैशाला मात्र बांधकामासाठी हात लावायचा नाही. काम अपुरे राहिले तरी दिलेला पैसा परत जाणार नाही आणि भलतीकडेही जाणार नाही, हे पावतीच्या मागे छापले आहे.

आज हे लिहिताना एकतीसपैकी नऊ जणांनी शब्द दिला आहे. तिघांनी नाही म्हटले, त्यातल्या एकाने चहाही विचारला नाही. बोरिवलीच्या एका साहेबांनी पाऊण तास आमचे ऐकून घेतले आणि विचारले, “मी ज्या कंदिलाखाली शिकलो, तो जुन्या विहारातला कंदील अजून आहे का हो?” कंदील नाही, पण त्यांनी पन्नास हजार लिहून दिले आणि त्यांच्याच कचेरीतल्या आणखी दोघांची नावे सांगितली.

अजून सात शब्द हवेत, मग जाहीर सभा. चौदा ऑक्टोबरला दोनशे घरांचे पहिले पन्नास रुपये गोळा करायला आम्ही निघू. पहिली पावती कोणाची फाडायची यावर मात्र चर्चा झाली नाही. काकींनी पन्नासाची नोट आताच पदराच्या गाठीला बांधून ठेवली आहे.

जयभीम!